ड्रायरच्या पोटातली रुई

पत्र :

"सस्नेह नमस्कार. मी अमळनेरला राहते. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांना, म्हणजे आमच्या नानांना, अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून ते अंथरुणावरच आहेत. रोजच्या दोन चादरी, चार-पाच दुपटी, टॉवेल, लुंग्या, एवढं धुणं निघतंच. दीर मस्कतहून कायमचे परत आले तेव्हा तिथला कपडे सुकवायचा ड्रायर सोबत घेऊन आले. पावसाळ्यात त्याने मला तारलं. त्याच्या मागून पाइप निघतो, तो आम्ही खिडकीतून बाहेर काढलाय. पारवे आत शिरायचे म्हणून यजमानांनी पाइपाच्या तोंडाला जाळी बांधली आहे. प्लग आपल्या बोर्डात बसत नाही, म्हणून कन्व्हर्टर लावून एक्स्टेंशनवर चालवतो. पूर्वी तासाभरात कपडे सुकायचे, दिवाळीपासून अडीच तास लागतात. वरचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो. दोन-तीनदा करपल्यासारखा वासही आला. मेकॅनिक म्हणतो हिटर गेला, नवा टाका. यजमान म्हणतात दोनदा फिरव. सासूबाई म्हणतात, 'ऊन शे ना बाहेर, मंग मशीन कसाले?' आतली जाळी मी आठवड्यातून एकदा झटकते. नानांना तिळाच्या तेलाने चोळतो, ते टॉवेलही धुऊन त्यातच टाकते. रात्री अकराला मशीन लावून झोपते, सकाळी कपडे तयार असतात. माझं काय चुकतंय?"

— एक सून, अमळनेर

उत्तर :

ताई, मशीन आत्ता चालू असेल तर आधी उठून बंद करा, प्लग काढा आणि मग पुढचं वाचा. करपल्याचा वास आलेला ड्रायर साफ झाल्याशिवाय एकदाही फिरवायचा नाही. दोनदा फिरवायचा तर प्रश्नच नाही.

तुमच्या मशीनचा हिटर गेलेला नाही, असं मला तुमच्या पत्रावरूनच वाटतं. हिटर गेला असता तर ड्रम फिरला असता, पण हवा गार आली असती आणि वरचा पत्राही गारच राहिला असता. तुमचा पत्रा तर भाजतोय. म्हणजे ऊब तयार होतेय, तिला बाहेर पडायला वाट नाही. या मशीनमध्ये हवा हिटरवरून तापून येते, फिरणाऱ्या ओल्या कपड्यांमधून जाते, त्यांचं पाणी उचलते, जाळीतून गाळली जाते आणि पाइपातून घराबाहेर पडते. कपडे नुसत्या उष्णतेने वाळत नाहीत, वाहत्या हवेने वाळतात. भर मे महिन्यातही खिडक्या लावलेल्या खोलीत चादर टाकून बघा, कितीतरी वेळ ओलसर राहते. तीच गच्चीवर वाऱ्याला टाकली की बघता बघता कडक होते. हवेची वाट तुंबली की आतला थर्मोस्टॅट हिटर पुन्हा पुन्हा बंद करतो, मशीन नुसतं फिरत राहतं आणि तासाचे अडीच तास होतात. वीज जाते ती वेगळीच.

ही वाट तुंबवणारी वस्तू आपल्या कापसाच्या मुलखाला परकी नाही. सरकीपासून सुटलेल्या रुईला जिनिंगवाले लिंट म्हणतात. ड्रायरच्या जाळीवर जमणारा राखाडी, मऊ थर असतो त्याचंही नाव लिंटच, आणि तो असतोही बहुतेक कापूसच. सुती चादर दर धुण्याला आणि दर फेरीला थोडी थोडी झिजते, तिचे बारीक तंतू सुटतात. टॉवेल आणि दुपटी तर सगळ्यात जास्त सोडतात. तुमच्या घरचं धुणं नेमकं तेच आहे. त्यामुळे बाकीच्यांच्या ड्रायरमध्ये महिन्याभरात जमेल तेवढी रुई तुमच्याकडे आठवड्यात जमत असेल.

माझे वडील चोपड्याला एका जिनिंगमध्ये फिटर होते. हंगामात फाटकातून आत जाताना कामगारांच्या खिशातली काडेपेटी काढून ठेवत, हे मी लहानपणी पाहिलंय. पण वडिलांना विडीपेक्षा जास्त धास्ती असायची ती कापसातून येणाऱ्या दगडाची आणि खिळ्याची. तो यंत्रात आपटला की ठिणगी उडते, ती रुईत जाऊन बसते, आणि वरून काहीच दिसत नाही. दाबलेल्या गाठीत अशी ठिणगी दिवसेंदिवस आतल्या आत धुमसू शकते. ते म्हणायचे, कापसाची आग डोळ्याला दिसण्याआधी नाकाला कळते. म्हणून तुमच्या पत्रातल्या त्या करपल्याच्या वासावर माझी नजर अडकली. हिटरजवळ जमलेली रुई भाजायला लागली असेल तर वास अगदी तसाच येतो.

अमेरिकेत घरोघरी ड्रायर आहेत, त्यामुळे तिथल्या नोंदी आपल्या कामाच्या आहेत. तिथल्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या काळाचा आढावा घेतला तेव्हा घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे 2900 आगी लागत असल्याचं दिसलं. कारणांमध्ये पहिला क्रमांक साफसफाई न करण्याचा होता, 34 टक्के. बाकी कुठलंच कारण त्याच्या वर नव्हतं.

यजमानांना हे पटत नसेल तर जाळीवरची चिमूटभर रुई अंगणात लोखंडी घमेल्यात ठेवा, शेजारी पाण्याची बादली ठेवा आणि लांबून पेटती काडी लावा. देवापुढची वात पेटायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागत नाही. घरात करू नका, आणि ही रुई बंब पेटवायलाही वापरू नका. तिच्यात पॉलिस्टरचे धागेही असतात, त्यांचा धूर वाईट.

आता साफसफाईचं. नाकाला रुमाल बांधा, आणि हे काम नानांच्या खोलीपासून लांब करा. कापसाची बारीक धूळ छातीला त्रास देते, हे मिलच्या गावाला मी सांगायला नको. झोपून असणाऱ्या माणसाची छाती आधीच नाजूक असते.

आतली जाळी आठवड्यातून नव्हे, दर फेरीनंतर साफ करायची. त्याला अर्धा मिनिट लागतो. कोरड्या बोटांनी एका कडेपासून थर गुंडाळत न्यायचा, तो पापुद्र्यासारखा अख्खा निघतो. नुसती झटकून चालत नाही. झटकल्यावर मोठे गोळे पडतात आणि बारीक तंतू जाळीच्या डोळ्यांत तसेच राहतात. महिन्यातून एकदा जाळी नळाखाली धरून बघा. पाणी सरळ आरपार गेलं तर ठीक. पाणी जाळीवर थांबलं तर तिच्यावर सॉफ्टनरचा किंवा ड्रायरमध्ये टाकायच्या सुगंधी पट्ट्यांचा चिकट पातळ थर बसलेला आहे, जो डोळ्याला दिसत नाही. मऊ ब्रश आणि भांड्याच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, मगच बसवा. जाळी कुठे फाटली असेल तर शिवू नका, बदला.

जाळी ज्या खाचेत बसते ती खाच बहुतेक घरांत कधीच कोणी साफ करत नाही. जाळीच्या कडेने निसटलेली रुई तिथे खाली जाऊन साठते. बाटल्या धुवायचा लांब दांड्याचा ब्रश आत घालून अलगद फिरवा आणि वर ओढा. व्हॅक्युम क्लिनर कोणाकडून मिळाला तर त्याची अरुंद नळी लावा. पहिल्यांदा केलंत तर किती निघतं ते बघून तुम्हाला धक्का बसेल, त्याची तयारी ठेवा.

खरं दुखणं मात्र मला पाइपात दिसतं, आणि त्यातही त्या जाळीत. पारव्यांसाठी बांधलेली जाळी म्हणजे मशीनच्या नाकावर बांधलेलं फडकं. आतल्या जाळीतून सुटलेले बारीक तंतू दमट हवेबरोबर येतात आणि बाहेरच्या जाळीला चिकटतात. थरावर थर बसून काही महिन्यांत तिथे वाकळीसारखं जाड बूच तयार होतं. दिवाळीपासून वेळ वाढत गेला म्हणता, म्हणजे पावसाळाभर रोज चाललेल्या मशीनने ते बूच भरत आणलं असणार. ती जाळी काढा. पारव्यांसाठी झडप मिळते: हवा आली की उघडते, बंद झाली की आपोआप मिटते. ती हलकी असावी आणि महिन्यातून एकदा बोटाने हलवून बघावी. जाळी काढण्याआधी आत घरटं आहे का तेही बघा. अंडी-पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत मशीन बंदच ठेवा.

मग दोघांनी मिळून मशीन भिंतीपासून ओढा, मागची पट्टी सैल करून पाइप सोडवा आणि गच्चीवर नेऊन आपटून, ब्रश घालून साफ करा. पाइप वळ्यावळ्यांचा, चांदीच्या कागदासारखा किंवा प्लॅस्टिकचा असेल तर तो परत लावू नका. प्रत्येक वळीत रुई अडकते, आणि प्लॅस्टिक असेल तर आगीला खाद्य मिळतं. गुळगुळीत, कडक अॅल्युमिनियमचा किंवा जस्ती पत्र्याचा पाइप घ्या. मशीनच्या तोंडाला बसेल त्याच मापाचा घ्या, बहुतेक ते चार इंची असतं. स्वयंपाकघरातल्या चिमणीचा उरलेला पाइप जोडायचा मोह होईल, पण तो बहुधा मोठ्या मापाचा आणि वळ्यांचा असतो. पाइप होईल तितका आखूड, होईल तितका सरळ. सांधे अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करा. स्क्रू मारले तर त्यांची टोकं आत येतात आणि रुई तिथेच अडकायला लागते. आणि काही झालं तरी पाइपाचं तोंड घरात सोडू नका. सगळी वाफ आणि तंतू खोलीतच भरतात.

मशीनचा मागचा पत्रा तुम्ही उघडू नका. आत हिटर आहे, मोटर आहे, वायर आहेत. पण मेकॅनिकला बोलावून तो भाग एकदा नक्की साफ करून घ्या, करपल्याचा वास तिथूनच येत असण्याचा संभव आहे. पुढे दर वर्षी, पावसाळ्याच्या आधी, हे काम ठरवून टाका. एक गोष्ट मेकॅनिकला स्पष्ट सांगा. आत एक छोटा फ्यूज असतो, फार तापलं की तो जळून हिटर बंद करतो. काही जण तो 'डायरेक्ट' करून देतात, म्हणजे काढून वायर जोडून टाकतात, आणि मशीन लगेच गरम व्हायला लागतं म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. तसं कोणी म्हणालं तर मशीन त्याच्या हाती देऊ नका. तो फ्यूज तुमच्या घराचा राखणदार आहे. तो जळला तर नवा टाकायचा, आणि का जळला ते आधी शोधायचं. बहुतेक वेळा उत्तर पाइपातच मिळतं.

वायरिंगचंही बघा. ओमानचा वीजदाब आपल्याइतकाच असल्याने मशीनला तिकडचं-इकडचं काही बाधत नाही. बाधतं ते कन्व्हर्टर आणि एक्स्टेंशन. 2500 वॉटचा हिटर 230 व्होल्टवर जवळपास 11 अँपिअर ओढतो. साधे एक्स्टेंशन बोर्ड बहुधा 6 अँपिअरचे असतात. ते तासन् तास तापत राहतात. इलेक्ट्रिशियनकडून चौकोनी पिनांचा प्लग काढून आपला 16 अँपिअरचा बसवून घ्या आणि भिंतीत त्याच मापाचा, अर्थिंग असलेला सॉकेट द्या, वेगळ्या एमसीबीवर. हा खर्च टाळायचा नाही.

तेलाचे टॉवेल आता ड्रायरमध्ये टाकायचे नाहीत. हे मी हात जोडून सांगते. तिळाचं, जवसाचं, सरकीचं तेल हवेतल्या प्राणवायूशी हळूहळू संयोग पावतं आणि त्यात ऊब निघते. दोरीवर पसरलेल्या कपड्यातून ती उडून जाते. ड्रायरमधून निघालेल्या गरम कपड्यांच्या दाट ढिगात ती अडकते, वाढत जाते आणि काडी न लावता कपडे धुमसू शकतात. एका धुण्यात तेल पूर्ण निघत नाही. हाताला जरासा ओशटपणा लागला तरी ते आहे असं समजा. हे टॉवेल वेगळे काढा, गरम पाण्यात साबणाने दोनदा धुवा आणि उन्हातच वाळवा. फवारणीचे, डिझेल-पेट्रोल लागलेले कपडे घरात असतील तर तेही कधी नाही. नानांच्या खालचं रबरी शीट, स्पंजची उशी हेही नाही. आणि ड्रायर थांबला की गरम कपड्यांचा गोळा टोपलीत दाबून ठेवू नका, झटकून पसरवा. शेवटची काही मिनिटं मशीन गार हवेवर फिरतं, ते मध्येच बंद करू नका.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. रात्री अकराला मशीन लावून झोपता, असं तुम्ही एका ओळीत लिहिलंत. दिवसभराच्या सेवेने तुम्ही किती दमलेल्या असता ते मला कळतं, आणि सकाळी कोरडी चादर हाताशी असण्याचं सुख काय असतं तेही कळतं. माझ्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर होत्या. पण ताई, घरात आग लागली तर तुम्ही उठाल, यजमान उठतील, सासूबाई कशाबशा उठतील. नाना उठू शकत नाहीत. त्यांना उचलायला दोन माणसं लागतात, आणि ती दोन माणसं जागी असावी लागतात. म्हणून मशीन फक्त जागेपणी आणि घरात कोणी असताना लावायचं. संध्याकाळी स्वयंपाकाला लागताना लावा, जेवणं होईपर्यंत कपडे होतील; वाट मोकळी झाली की तासापेक्षा जास्त लागणार नाही. नानांची खाट मशीनच्या भिंतीला लागून असेल तर हलवा. खाटेपासून दारापर्यंतची वाट रात्री मोकळी ठेवा, तिथे खुर्ची-टोपली नको. आणि कधी धूर दिसलाच तर मशीनचं दार उघडू नका, उघडलं की आत ताजी हवा जाते आणि भडका होतो. मेन स्विच पाडा, आधी नानांना बाहेर काढा, मग 101 किंवा 112 ला फोन करा. चालू विजेच्या मशीनवर पाणी ओतू नका.

सासूबाईंचं म्हणणं मी अर्ध्याहून जास्त मान्य करते. आपल्याकडच्या उन्हात दुपटं गच्चीवर टाकून खाली येऊन चहा ठेवावा, चहा होईपर्यंत ते वाळलेलं असतं. होळीपासून मृग लागेपर्यंत ड्रायरला हात लावायची गरजच नाही. उन्हात नानांच्या चादरींचा वासही जातो, जो मशीनने पूर्ण जात नाही. पण त्यांना हेही सांगा की श्रावणात सूर्य चार-चार दिवस दिसत नाही, आणि ओलसर चादरीवर झोपलेल्या माणसाच्या पाठीला जखमा व्हायला वेळ लागत नाही. त्या चार दिवसांसाठी मशीन घरात असायलाच हवं. कपडे वॉशिंग मशीनमध्ये जास्तीत जास्त वेगाने पिळून मगच ड्रायरमध्ये टाका, आणि ड्रम अर्धाच भरा. गोधड्या त्यात टाकू नका, जुन्या लुगड्यांची रुई थांबता थांबत नाही.

बाकी वाचकांसाठी थोडं. आपल्याकडे पुष्कळ जण सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या पिळायच्या टबालाच ड्रायर म्हणतात. त्यात हिटर नसतो, तो फक्त गरगर फिरवून पाणी काढतो, तेव्हा वरची आगीची भीती त्याला लागू नाही. त्याच्या धुवायच्या टबातली जाळीची पिशवी मात्र दर वेळी उलटी करून साफ करा. हल्ली दुकानात मिळणाऱ्या बिनपाइपाच्या, पाण्याची टाकी असलेल्या ड्रायरमध्ये दाराजवळची जाळी दर फेरीला साफ करायची, टाकी रिकामी करायची, आणि खालच्या झाकणामागचा भाग कंपनीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे धुवायचा किंवा पुसायचा. त्या भागाला धातूची पातळ पानं असतात, ती वाकतात, म्हणून तिथे कडक ब्रश चालवू नका.

ताई, सगळं जोडून झालं की पहिली फेरी दिवसा करा, एकाच चादरीची. यजमानांना बाहेर पाइपाच्या तोंडाशी उभं करा आणि हवेसमोर तळवा धरायला सांगा. गरम, दमट हवा जोराने लागली पाहिजे, झडप पूर्ण उघडली पाहिजे. तासाच्या आत चादर कोरडी निघाली आणि वास आला नाही, तर हिटरचे पैसे वाचले. हवा तरीही मंद असेल किंवा पुसटसा जरी वास आला, तरी तिथेच बंद करून मेकॅनिकला परत बोलवा आणि त्याने मागचा पत्रा काढला की स्वतः टॉर्च घेऊन आत बघा.